तेजाब मॅडम

माझ्या उभ्या आयुष्यात मी माणसं पुष्कळ पाहिली, पण आमच्या मॅडमइतकं सातत्याने, मन लावून आणि नेमकं रागावणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. इतरांना राग येतो आणि जातो. मॅडमचा राग यायचा आणि कामावर रुजू व्हायचा. परभणीच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून सव्वीस वर्षं काढली, तिथे त्या विभागप्रमुख होत्या. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘तेजाब मॅडम’. आमच्याकडे जुनी माणसं ॲसिडला अजून तेजाब म्हणतात. हे नाव त्यांच्या कानावर गेलं त्या दिवशी सगळ्या वर्गाला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मॅडमनी फळ्यावर तीन नावं लिहिली आणि विचारलं, “यातलं कोणतं तेजाब? सल्फ्युरिक, नायट्रिक का हायड्रोक्लोरिक? नाव ठेवायचं तर पूर्ण ठेवा. अर्धवट लेबल मला चालत न्हाई.” कुणालाच उत्तर देता आलं नाही. त्यावर मात्र त्या खऱ्या रागावल्या.

उंची बेताची, अंगावर सुती साडी, साडीवर ॲप्रन आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत बायकांच्या पिशवीत असतं त्यातलं काहीही नसायचं. घट्ट झाकणाच्या दहा-बारा प्लास्टिकच्या बाटल्या, चिकटपट्टी आणि काचेवर लिहायची पेन्सिल, एवढाच त्यांचा संसार. जिथे जातील तिथलं पाणी त्या भरून आणत. एसटी स्टँडचं, दवाखान्याचं, ओळखीतल्या तेराव्याचं, कशाचंही. माझ्या मेहुणीच्या लग्नाला बोरीला आल्या तेव्हा मांडवात नवरीला भेटायच्या आधी पाण्याच्या टाकीला भेटल्या. नवरीच्या मामाला वाटलं, तपासणीवाल्या सरकारी बाई आल्या. त्याने घाबरून टाकीची तोटी सोडून दिली आणि सगळं पाणी मांडवातून वाहत वाजंत्रीवाल्यांपर्यंत गेलं. पंगत दोन तास खोळंबली. मॅडमचा संताप अनावर झाला. पंगतीचं त्यांना काही नव्हतं. “सॅम्पल घ्यायच्या आधी ओतलंच कशाला?” असं म्हणून त्यांनी त्या मामाला इतकं झाडलं की नवरीच्या पाठवणीला रडला नसता इतका तो तिथे रडवेला झाला.

‘अंदाजे’ या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. पोरांच्या जर्नलमध्ये तो दिसला की पान फाटायचं. एकदा त्यांनी कॉलेजसमोरच्या रिक्षावाल्याला विचारलं, किती वेळ लागेल, आणि तो सवयीने बोलून गेला, “पाच मिनटात सोडतो.” रिक्षा पोहोचली तेव्हा मॅडमनी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं आणि भर बाजारात त्याची शिकवणी घेतली. तेव्हापासून स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना पाहिलं की “सांगता येत न्हाई, मॅडम” असं आधीच म्हणून मोकळे व्हायचे. घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर लेबल, त्यावर रासायनिक नाव, भरल्याची तारीख आणि भरणाऱ्याची सही. मिठावर लिहिलेलं असायचं, ‘सोडियम क्लोराइड, खाण्याचे’. बहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि स्वभावाने गरीब. ती मला एकदा हळूच म्हणाली, “भाऊ, चूक करायला मी शेजारी जाते.”

शांत असल्या की मॅडम छापील पुस्तकातलं मराठी बोलत. राग आला की ते मराठी गळून पडायचं आणि त्यांच्या गावाकडची बोली यायची. मी त्यांचं पुस्तकी मराठी फार ऐकलं नाही.

हा राग कुठून आला, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. विचारायची छातीही नव्हती. त्यांनी ते स्वतःच सांगितलं, एका दुपारी, ब्युरेटची मापाची नळी धुता धुता, तिसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. त्यांचं घर जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातलं. आई-वडील दोघं दुसऱ्याच्या शेतात राबणारे. आजोबांनी सगळ्यांबरोबर धम्मदीक्षा घेतलेली. घरचा धर्म बदलला, गावाची नजर बदलली नव्हती. शाळेत विज्ञानाचा प्रयोग असला की मास्तर सगळ्यांना टेबलाभोवती बोलवत आणि या मुलीला सांगत, “तू हात लावू नको. तिकडून बघ.” दोन वर्षं ती मुलगी खिडकीजवळून नुसती बघत राहिली. बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला तिने पहिल्यांदा काचेच्या नळीला हात लावला. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, “कधी केलेलं दिसत नाही.” ती म्हणाली, “केलं न्हाई सर, बघितलंय.” आणि तिचं उत्तर थेंबापर्यंत बरोबर आलं.

एवढं सांगून मॅडमचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, त्या अपमानाची आठवण असेल. तर त्या म्हणाल्या, “तो मास्तर रीडिंग वरून बघायचा! डोळ्याच्या रेषेत धरायचं असतंय, एवढं त्याला ठाऊक न्हाई. दोन वर्षं तो चुकीचं रीडिंग घ्यायलाय, मी लांबून बघायले, आन् मला बोलायची चोरी!” तो मास्तर समोर असता तर त्यांनी जातीसाठी त्याला कदाचित सोडलं असतं, रीडिंगसाठी सोडलं नसतं. मला मात्र तो माणूस दोन्हीसाठी सापडायला हवा होता. माझं घर देवगाव फाट्याकडचं, शेतीवाडीचं, गावात मान असलेलं. आमच्या शाळेतही अशी खिडकी होती, आणि मी टेबलापाशी उभा राहणाऱ्यांतला होतो. त्या दुपारी मी काचा जरा जास्त वेळ पुसल्या.

पुढे त्या शिकत गेल्या. एम.एस्सी. झाल्या, विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. तीन उन्हाळे त्या एसटीने, बैलगाडीने, पायी गावोगाव हिंडून नमुने आणत होत्या. त्या नमुन्यांवरचा पहिला निबंध छापून आला तो दुसऱ्याच एका मोठ्या प्राध्यापकाच्या नावावर. शेवटी बारीक अक्षरात आभार होते: नमुने गोळा करण्यास साहाय्य केल्याबद्दल कुमारी अमुक यांचे. ते पान मॅडमनी चौकटीत बसवून प्रयोगशाळेत लावलं होतं, बेसिनच्या वर, जिथे सगळे हात धुतात. पाहुण्यांना वाटायचं, काहीतरी मानपत्र आहे. ते वाचायला वाकले की मॅडम मागून म्हणायच्या, “नीट वाचा. चोरी कशी छापतेत ते बघा.”

महिला दिनाला त्यांना सत्काराची बोलावणी येत. एकदाच गेल्या. सूत्रसंचालकाने नेहमीचं म्हटलं, आपल्या भागातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला. मॅडमनी माईक हातात घेतला. “मला पहिली म्हणून वीस वर्षं झाली. शाल तीच, नारळ तोच, वाक्य तेच. दुसरी कुटं हाय? तिसरी कुटं हाय? एकाच्या पुढं मोजता येत न्हाई का तुमाला? पोरगी बारावी झाली की तिचं लगीन लावताव आन् माझ्या गळ्यात हार घालताव!” आणि नारळ टेबलावर तसाच ठेवून खाली उतरल्या. पुढच्या वर्षीपासून पत्रिकेत मॅडमचा सत्कार असायचा, मनोगत नसायचं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. मॅडमच्या नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं राहिली होती तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गाला मनीषा नावाची मुलगी आली. पालमच्या पलीकडे एका लहान गावातली, शेतकऱ्याची. हुशार होती, पण सदा तोंडावर ओढणी. उत्तरं ओढणीतूनच द्यायची. मॅडमनी आठवडाभर ऐकून घेतलं, आणि आठव्या दिवशी त्यांचा पारा चढला. “तोंडावरचं काढ आगोदर. मला कापडाचा आवाज ऐकायचा न्हाई.” मुलगी रडायलाच लागली. मॅडमनी तिला हाताला धरून प्रयोगशाळेत आणलं, खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि ओढणी खाली केली. मनीषाचे दात पिवळे होते आणि त्यांवर आडवे तपकिरी पट्टे होते. मॅडम ते दात बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, “घरात आणखी कोणाचे असे हायत?”

“समद्यांचेच, मॅडम. आमच्या गावाला पिवळ्या दाताचं गाव म्हणतेत. आजीला तर गुडघे मोडून बसता येत न्हाई.”

“पाणी कुठलं पिता?”

“पाराजवळच्या हातपंपाचं. बोअर हाय.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “उद्या पालमची पहिली गाडी किती वाजता हाय?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पालमला उतरलो आणि तिथून जीपने त्या गावात गेलो. मनीषाच्या घरी ओसरीवर आजी पाय लांब करून बसल्या होत्या. आमची बसायची व्यवस्था झाली, मनीषाच्या आईने स्टीलच्या पेल्यात मला पाणी दिलं. दुसरा पेला मॅडमकडे जाणार तोच आजींनी विचारलं, “बाई, आडनाव काय म्हणलं तुमचं?”

मॅडमनी आडनाव सांगितलं, वर्गात हजेरी घ्यावी इतकं स्पष्ट. आजींनी सुनेच्या हातातला पेला घेतला, बाजूला ठेवला आणि तांब्या उचलून म्हणाल्या, “वंजळ करा.” म्हणजे हाताची ओंजळ धरायची, भांड्याला न शिवता वरून ओतलेलं प्यायचं.

मनीषाचा चेहरा पांढरा पडला. मॅडमनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि तांब्याखाली धरली. “ओता. एका धारेत ओता, मधी बोट लावू नका. मला असंच पाहिजे.” आजी गोंधळून ओतू लागल्या. बाटली भरली तशी मॅडमनी झाकण लावलं, चिकटपट्टीवर गाव, तारीख, वेळ लिहिली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमी बी पिऊ नका. तपासल्याबिगर न्हाई.”

मी पेला धरून बसलो होतो. मी काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पेला खाली ठेवून उठायला हवं होतं, दोन शब्द बोलायला हवे होते. पाहुणा म्हणून माझा मान होता, माझं आडनाव त्या घराला चालणारं होतं, माझं ऐकलं गेलं असतं. मी बोललो नाही. त्या गोष्टीचा राग मला आजही येतो, आणि तो आजींवर नाही.

परतीच्या गाडीत मी धीर करून विचारलं, “मॅडम, तुम्हाला राग नाही आला?”

“आला की. पण रागात हात हलतोय. आधी सॅम्पल, मग राग,” असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. दोन मिनिटांनी कंडक्टरने खिडकी लावायला सांगितली तर त्याच्यावर इतक्या कडाडल्या की गाडीतलं एक तान्हं पोर दचकून उठलं.

त्या दिवशी गावातून आम्ही सगळ्या बोअरचं पाणी आणलं होतं, आणि गावाच्या कडेला बौद्ध वस्तीत एक जुनी दगडी विहीर आहे तिचंही. प्रयोगशाळेत आम्ही नमुने ओळीने मांडले. फ्लोराइड तपासायची एक साधी पद्धत आहे. एक तांबडं द्रावण असतं. ते पाण्यात घातलं की पाण्यात जितकं फ्लोराइड जास्त, तितका तो तांबडा रंग उडतो आणि पिवळा पडत जातो. पाराजवळच्या बोअरची नळी पार पिवळी झाली. मग दुसरी, तिसरी. आजींच्या हातचं पाणीही पिवळं. सगळ्या ओळीत एकच नळी लालबुंद राहिली. तिच्यावर लेबल होतं, बौद्ध वस्ती, विहीर.

मॅडमनी वाकून लेबल वाचलं. मग म्हणाल्या, “पुन्हा करा.” मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. बोअर खोल गेलेली, खडकात साठून राहिलेलं पाणी फ्लोराइड घेऊन वर येतं. विहीर उथळ, तिला वरचं पाणी मिळतं, इतका साधा त्याचा अर्थ. पण त्या गावाने पारावरच्या पंपाशी ज्यांना उभं राहू दिलं नव्हतं, त्यांच्याच लेकरांचे दात पांढरे राहिले होते. हे मला सुचलं आणि मी हसलो. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की हसू घशातच राहिलं. “पारावरच्या लेकरांनी काय केलंय? हसायलात कशाला?”

त्यानंतर आम्ही अहवाल घेऊन एका कचेरीत गेलो. ती कोणती हे सांगत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. तिथल्या कारकुनाने त्या गावाचा जुना तपासणी अहवाल काढून दाखवला. पाणी पिण्यायोग्य. फ्लोराइडच्या रकान्यात लिहिलेलं होतं, ‘निरंक’.

“निरंक म्हणजे काय?” मॅडमनी विचारलं. “तपासलं आन् निघालं न्हाई, का तपासलंच न्हाई?”

“मॅडम, तपासलं नाही की निरंकच लिहितात,” कारकून अगदी सौजन्याने म्हणाला. “रकाना मोकळा ठेवता येत नाही ना.”

मी इतक्या वर्षांत मॅडमचे सगळे राग पाहिले होते, पण तो दिवस निराळा. त्या ओरडल्या नाहीत. टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या आणि फार हळू म्हणाल्या, “मोकळा ठेवता येत न्हाई म्हणून तुमी तो खोट्यानं भरला. एका म्हातारीचे गुडघे त्या रकान्यात गेलेत. एका पोरीनं तोंड उघडणं सोडलंय. उगंच, खामखा!” त्या ‘खामखा’ला पंख्याखालचे कागद उडाले असं मी शपथेवर सांगेन. साहेबांनी आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि तुमच्या कॉलेजच्या तपासणीला मान्यता नाही, रीतसर नमुना पाठवू, असं गोड शब्दांत सांगून बाहेर काढलं.

दोन महिने काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात मॅडम तांबड्या ऑइलपेंटचा डबा घेऊन त्या गावात गेल्या आणि भर दुपारी, पारावर बसलेल्या माणसांच्या देखत, त्यांनी हातपंप वरपासून खालपर्यंत रंगवला. वर पांढऱ्या अक्षरात लिहिलं, ‘धुण्यासाठी. पिण्यासाठी नाही.’ सरपंचांनी कॉलेजला तक्रार धाडली की बाई गावाची बदनामी करतात, आमच्या लेकींची लग्नं मोडतील. प्राचार्यांनी मॅडमना कारणे दाखवा नोटीस दिली. मॅडमनी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल शाईने गोल केले, खाली ‘पुन्हा लिहून आणा’ असा शेरा मारला आणि परत पाठवली. ती नोटीस पुन्हा आली नाही.

शेवटी ग्रामसभा भरली. मॅडमनी सगळ्यांसमोर नळ्या मांडल्या, रंग उडताना दाखवला, आणि सांगितलं की प्यायला चांगलं पाणी गावात एकाच जागी आहे. ती जागा म्हणजे वस्तीची विहीर, हेही सांगितलं. मग सरपंच म्हणाले, “मॅडम, तुमचं सायन्स बराबर असंल. पण गावाला काही रीतभात हाय. तिथलं पाणी कोण आणायला जाणार?”

मॅडम उत्तर द्यायला उठल्या, तेवढ्यात बायकांमधून मनीषा उभी राहिली. ओढणी खांद्यावर होती. “तात्या, माझे दात बघा,” ती सरपंचांना म्हणाली. शब्द स्पष्ट होते. “बघा की! रोज बघताव, आज कशाला मान खाली घालायलात? लगीन मोडलं तर माझं मोडंल. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा हाय. त्याला अजून दात यायलेत. त्याला ह्या पंपाचं पाणी मी पिऊ देणार न्हाई. मी जाते आणायला. समद्यांच्या देखत जाते.” ओसरीवरच्या त्या आजी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर ओढला.

आता प्रश्न वस्तीचा होता. विहीर त्यांच्या वाडवडिलांनी स्वतःच्या हातांनी खोदलेली. वस्तीतले एक गुरुजी सगळ्यांच्या वतीने उठले. “मॅडम, खरं सांगू का? आमच्या आजाला ह्यांच्या बापजाद्यांनी घोटभर पाणी दिलं न्हाई. आज आमी न्हाई म्हणावं असं लय वाटायलंय. लय म्हणजे लय.”

“वाटू द्या,” विहीर गावाला खुली करण्याचा कागद पुढे सरकवत मॅडम म्हणाल्या. “मला बी तसंच वाटायलंय. सही करा.”

गुरुजी मग हसले, आणि कागदावर सही केली. मी त्या दिवशी दोन माणसं आपला सगळा राग जागेवर ठेवून, त्यातला थेंबही न सांडता, दुसऱ्याच्या लेकरांना पाणी देताना पाहिली. मला अजून कळत नाही, हे करायला किती बळ लागत असेल.

मनीषा दुसऱ्या दिवसापासून घागर घेऊन त्या विहिरीवर जाऊ लागली. तिच्या मागे दोन-तीन सुना. बाकी गाव वर्षभर पंपाचंच पाणी पीत राहिलं. लेकरांचे दात पिवळे झालेले चालत होते, पाय तिकडे वळलेले चालत नव्हते. मग कुठून तरी योजना मंजूर झाली आणि त्या विहिरीतून पाइप टाकून पारावर टाकी बांधली. उद्घाटनाला मंडप, फेटे, भाषणं. टाकीवरच्या पाटीवर पाच नावं होती. त्यात मॅडमचं नव्हतं, मनीषाचं नव्हतं, आणि ज्यांची विहीर त्यांच्यातल्या कुणाचंही नव्हतं. मॅडमनी फीत कापायच्या आधी तोटी सोडून नमुना घेतला, तिथेच तपासला, आणि सरपंचांना म्हणाल्या, “पाणी चांगलं हाय. बाकीचं तुमचं तुमी तपासा.” आणि सरळ वस्तीत गुरुजींकडे चहाला गेल्या.

चहा पितानाही त्या धुमसत होत्या. “एवढा पाइप कशाला टाकला, माहीत हाय का गुरुजी? तीनशे पावलं चालायला लागू नयेत म्हणून. ह्यांना आपलं पाणी चालतंय, आपली वाट चालत न्हाई.”

“खरं हाय, मॅडम,” गुरुजी म्हणाले. “पण लेकरं पितेत.”

मॅडमनी बशी खाली ठेवली. “पितेत,” त्या म्हणाल्या. “तिथंच तर माझं तोंड बंद होतंय.”

त्या गावाला आता कुणी पिवळ्या दातांचं गाव म्हणत नाही. मनीषाच्या धाकट्या भावाचे दात पांढरे आले. आजींचे गुडघे मात्र सुधारले नाहीत. त्याला फार उशीर झाला होता. मनीषा पुढे एम.एस्सी. झाली, एका औषधाच्या कारखान्यात लागली, आणि तिचं लग्नही झालं, ओढणीविना, उघडा चेहरा बघून. ‘निरंक’ लिहिणाऱ्याला काही झालं नाही. बढती झाली असं ऐकलं. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजने निरोप समारंभ ठेवला आणि त्यांनी, नको म्हणून, त्याच दिवशी रजा टाकली.

मीही आता घरी बसलो आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला की मॅडमना अर्धांगाचा झटका आला, दवाखान्यात आहेत. मी गेलो. पांढऱ्या चादरीत त्या एवढ्याशा दिसत होत्या. उजवा हात हलत नव्हता. मला ओळखलं, नजरेनेच बस म्हणाल्या. थोड्या वेळाने एक तरुण नर्स आली आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, “काय ग आजी, औषध का घेत नाहीस? शहाणी आहेस ना?”

मला काय झालं कोण जाणे. मी ताडकन उठलो. “आजी नाही,” मी ओरडलो. “डॉक्टर म्हणायचं. आणि अहो म्हणायचं. कोण आहेत त्या, माहीत आहे का तुम्हाला?” सगळा वॉर्ड माझ्याकडे बघू लागला. साठी उलटलेल्या माझ्या आयुष्यात मी चारचौघांत पहिल्यांदाच आवाज चढवला होता. पोरगी बिचारी घाबरून उभी राहिली.

मॅडमनी डाव्या हाताने माझी बाही ओढली. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “लहान हाय ती.”

आणि डोळे मिटले. नर्सने औषध पाजलं, त्यांनी मुकाट्याने घेतलं. किती दिलं, कशाचं दिलं, काही विचारलं नाही. मी खुर्ची ओढून बसलो. बाहेर ऊन उतरत होतं, भेटीची वेळ संपत आली होती, बहीण दोनदा म्हणाली, “भाऊ, तुमची गाडी चुकेल.” मी हो म्हणालो आणि बसूनच राहिलो, मॅडम डोळे उघडतील आणि कशावरून तरी, कशावरूनही, माझ्यावर ओरडतील म्हणून.